एक ते चार बंद

"वेळ आली होती हो त्याची," असं आमचा मॅनेजर मला म्हणाला, तेव्हा त्याच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट माझ्या हातात होता. तो मी फेकला नाही याचं मला आजही थोडं वाईट वाटतं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण हा राग नाकावरचा नव्हता. तो पोटात गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. अजूनही कुणाकडे समाचाराला गेले आणि कुणी ते वाक्य म्हटलं की मी पाणी प्यायचं निमित्त करून उठते.

वेळ त्या माणसाची आली नव्हती. वेळ आली होती ती आमच्या क्लिनिकचं शटर ओढायची. दुपारचा एक वाजला होता.

मी भूल देणारी डॉक्टर. लोक सर्जनला देव म्हणतात आणि मला "ती इंजेक्शनवाली बाई". त्याचं मला कधी काही वाटलं नाही, कारण देवाला रात्री झोप लागते आणि भूल देणाऱ्याला लागत नाही. पुण्यात सरकारी रुग्णालयात बरीच वर्षं काढल्यावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवऱ्याच्या नोकरीमागे मी दोहाला आले. नवरा गॅसच्या कंपनीत इंजिनियर. शहराच्या अबू हमूर भागात एका व्हिलाच्या अर्ध्या भागात आम्ही राहायचो, मुलगी इंग्रजी शाळेत जायची, मी मराठीत ओरडायचे आणि ती इंग्रजीत उलट उत्तर द्यायची. वर्षभरात मला एका खाजगी क्लिनिकमध्ये काम मिळालं.

क्लिनिक म्हणजे एक दुमजली व्हिलाच होता. खाली डॉक्टरांच्या खोल्या, वर एक छोटं ऑपरेशन थिएटर आणि शेजारी चार खाटांची रिकव्हरी. बाहेर फलक लावला होता: सकाळी या, दुपारी घरी जा. वेळ सकाळी आठ ते एक आणि मग चार ते आठ. मधले तीन तास दोहाच्या निम्म्या खाजगी दवाखान्यांसारखे आम्हीही बंद. त्या उन्हात ते बरोबरच होतं. शिवाय 'एक ते चार बंद' ही पाटी तर आम्हा पुणेकरांची शान. त्यावरून उभा महाराष्ट्र आमची टिंगल करतो आणि आम्ही ती पाटी आणखी मोठ्या अक्षरात रंगवतो. पण पुण्यात एक वाजता बंद होतं ते साडीचं नाहीतर बाकरवडीचं दुकान. दुकानदार घरी जाऊन वामकुक्षी करतो, त्याने साड्यांचा श्वास अडकत नाही.

डे सर्जरी हा शब्द तेव्हा नवाच चमकत होता. लोकांना वाटायचं, एका दिवसात घरी सोडतात म्हणजे ऑपरेशन किरकोळ. ऑपरेशन किरकोळ असेलही. भूल किरकोळ नसते. घरी सोडलं म्हणजे धोका संपला असं नाही, धोक्यावर लक्ष ठेवायचं काम नर्सकडून काढून घरच्यांकडे दिलं, एवढाच त्याचा अर्थ. धडधाकट तरुण माणसाच्या बाबतीत ते चालतं. पण हृदय कमजोर, वजन भरपूर, झोपेत श्वास अडकणारा असा माणूस असेल तर त्याला आधी निवडूनच घ्यायचा नाही, आणि घेतलाच तर त्याच्या उशाशी रात्रभर डोळे उघडे ठेवून बसणारं माणूस आहे की नाही ते विचारायचं. आमच्या क्लिनिकमध्येही विचारायचे. "घरी कोणी आहे का?" असं विचारायचे आणि समोरच्याने मान हलवली की पुढच्या पेशंटकडे वळायचे. इंडस्ट्रियल एरियात, कामगारांच्या कॅम्पांत, एकेका खोलीत सहा-सहा माणसं राहतात. तिथे "घरी कोणी आहे का" या प्रश्नाचं उत्तर नेहमी "हो" असंच येणार.

तो आला तेव्हा बरोबर एक वयस्क गृहस्थ होते. दोघे रत्नागिरीकडचे, एकाच गावचे, एका खाडीच्या दोन अंगांना घरं. तो चाळिशीतला, क्रेन चालवणारा. बुटका, रुंद, मान खांद्यात रुतलेली. वयस्क गृहस्थ त्याच्याच कॅम्पात राहणारे वेल्डर. त्यांना सगळे चाचा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. कागदावर चाचांनी स्वतःला भाऊ लिहिलं होतं. आखातात एका गावचे सगळेच भाऊ.

नाकाचं हाड वाकडं आहे, ते सरळ करायचं, असं आमच्या कान-नाक-घशाच्या सर्जनने ठरवलं होतं. मी भुलीआधीची तपासणी करत होते. ब्लडप्रेशर वर. साखर वर. मान जाड असली की झोपेत श्वास अडकण्याचा धोका जास्त, म्हणून माप घ्यायला मानेभोवती टेप गुंडाळताना तो खुदकन हसला, म्हणाला, "मॅडम, शर्ट शिवताव काय?"

"दिवसा झोप येते?" मी विचारलं.

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "त्याच्यासाठीच तर आलोय. क्रेनवर डुलकी लागली. फोरमननं बघितलं. बोलला, इलाज कर नायतर घरी जा."

"आणि रात्री झोपेत श्वास अडकतो का?"

"मला काय ठावं? मी झोपलेला असतो."

चाचा जोरात हसले. "अडकतो म्हणजे काय! घोरता घोरता एकदम बंद. मंग आमी त्याच्या खाटेला लाथ मारतो, की परत चालू. शेजारच्या खाटेवर जो असंल त्याची ड्युटीच हाय ती."

मी हसले नाही. पेन खाली ठेवलं. चाचांनी जे हसत सांगितलं, ते झोपेत श्वास बंद पडण्याच्या आजाराचं वर्णन होतं, आणि त्या खोलीतली माणसं काही न कळता वर्षानुवर्षं त्याला जिवंत ठेवत होती. असा माणूस भूल दिल्यावर कसा वागतो ते मला माहीत होतं. भुलीचा अंमल अंगात असताना घशाचे स्नायू सैल पडतात, श्वास अडकतो आणि मेंदू नेहमीसारखा जागा करत नाही. त्यात नाकाचं ऑपरेशन. म्हणजे दोन्ही नाकपुड्यांत बोळे कोंबलेले. श्वासाचा एक रस्ता आपणच बुजवायचा, दुसरा झोपेत आपोआप मिटणार.

मी सर्जनकडे गेले. म्हटलं, याचं घोरणं नाकातलं नाही, घशातलं आहे. नाक सरळ करून काही होणार नाही. तो म्हणाला, नाक मोकळं झालं तर फायदाच आहे ना? मी म्हटलं, मग मोठ्या इस्पितळात करा, जिथे रात्री ठेवता येईल. तो म्हणाला, तिथे असल्या ऑपरेशनला महिनोन्महिने थांबावं लागतं, तोवर याची नोकरी राहील का? हे उत्तर खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त संताप आला. पेशंटच्या गरजेचा असा छान उपयोग करता येतो, ते मी तिथे शिकले.

मग मॅनेजर. हा आपलाच माणूस, ठाण्याचा. गणपतीला आमच्याकडे यायचा, उकडीचे मोदक मागून घ्यायचा आणि मोठ्याने आरती म्हणायचा. त्याला मी मराठीतच झापलं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा भूलतज्ज्ञ बोलावला असता, दोन-तीन दवाखान्यांत पळत पळत भूल देणारा, ज्याने मानेला टेप लावलीच नसती. म्हणून मी अट घातली. याची भूल मीच देणार. ऑपरेशननंतर तो रात्री आठपर्यंत रिकव्हरीतच राहील. दुपारी क्लिनिक बंद असलं तरी मी आणि एक नर्स आत थांबणार. आणि आठ वाजता तो मला पसंत पडला नाही, तर मी त्याला माझ्या गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेणार.

"मॅडम, तुमच्या शब्दाबाहेर आहोत का आम्ही?" मॅनेजर म्हणाला.

गुरुवार ठरला, कारण शुक्रवारी सुट्टी आणि शनिवारी त्याला ड्युटीवर जायचं होतं.

ऑपरेशन नीट झालं. घशात श्वासाची नळी घालताना त्रास झाला, पण गेली. गुंगी चढेल असलं एकही वेदनेचं औषध मी दिलं नाही, दुसरी साधी औषधं दिली. पूर्ण जागा झाला, मान उचलली, माझा हात घट्ट दाबला, मगच नळी काढली. खाटेची पाठ उभी करून त्याला बसवलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. तो तोंडाने श्वास घेत होता आणि कुरकुरत होता, नाक दुखतंय म्हणून. मला ते कुरकुरणं हवंच होतं. कुरकुरणारा माणूस श्वास घेत असतो. डोळा लागला की चिमट्यावरचा आकडा घसरायचा, मी खांदा हलवला की वर यायचा. नर्सला मी हे शेजारी उभं करून दाखवलं. म्हटलं, हा झोपला की हलवायचा, आणि मी सांगितल्याशिवाय हा इथून हलणार नाही.

तेवढ्यात मॅनेजर आला. आमच्याच मालकाचं दुसरं क्लिनिक शहराच्या पलीकडच्या टोकाला होतं. तिथे एका लहान मुलाचे दात काढायचे होते, भूल देणारा आला नव्हता, मूल सकाळपासून उपाशी रडत होतं. "तासाभरात परत या, मॅडम. इथे आम्ही आहोत." मी पेशंटकडे पाहिलं. तो जागा होता, चाचा बाजूला बसले होते, नर्सला सगळं सांगून झालं होतं. मी गेले.

परत आले तेव्हा शटर खाली होतं.

वॉचमन सावलीत खुर्ची टाकून बसला होता. त्याच्याकडून किल्ली घेऊन मी वर गेले. रिकव्हरीत दिवे बंद, खाटेवर नवी चादर, चिमटा गुंडाळून भिंतीवर. एसी बंद केल्यामुळे खोली तापायला लागली होती. मी नर्सला फोन केला. ती बिचारी रडकुंडीला येऊन सांगायला लागली. पेशंट दुखतंय म्हणून ओरडत होता, सर्जनने येऊन एक इंजेक्शन द्यायला सांगितलं, ते दिल्यावर तो शांत झाला. मग सर्जन म्हणाले, छान आहे, जाऊ द्या. मॅनेजरसाहेबांनी पेशंटच्या कंपनीची गाडी मागवली. ती पडली नर्स, सर्जन आणि मॅनेजर या दोघांपुढे ती काय बोलणार होती? इंजेक्शन कोणतं ते मी विचारलं. तिने नाव सांगितलं. मी जे मुद्दाम टाळलं होतं, तेच.

मी मॅनेजरला फोन लावला. तो जेवत होता. म्हणाला, "अहो मॅडम, ठीक होता तो. चालत गेला गाडीपर्यंत." चालत गेला! जणू श्वास पायांनी घेतात. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. केसपेपरवरून कॅम्पचा पत्ता उतरवून घेतला, गाडी काढली आणि इंडस्ट्रियल एरियाच्या रस्त्याला लागले.

त्या भागात मी आधी कधी गेले नव्हते. इंडस्ट्रियल एरियातल्या रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि गुरुवारी दुपारी प्रत्येक नंबराच्या रस्त्यावर लॉऱ्या आडव्या उभ्या. मी खिडकी खाली करून हिंदीत विचारत, शिव्या देत, चुकत माकत पुढे जात होते. एका गॅरेजपाशी एक मुलगा म्हणाला, दीदी, वो कॅम्प तो पीछे छूट गया. पुन्हा वळले. कॅम्प सापडला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं.

गुरुवारची संध्याकाळ म्हणजे कॅम्पातला सणच. कपडे धुणं, केस कापणं, घरी फोन, मोठ्याने गाणी. त्या पॅसेजमध्ये मात्र कुणाचा आवाज नव्हता. खोलीच्या बंद दाराबाहेर चाचा आणि आणखी चौघे भिंतीला टेकून बसले होते, चपला एका रांगेत काढलेल्या. पलीकडच्या खोलीतला टीव्ही त्यांनी बंद करायला लावला होता. कुणीतरी भांडी घासायला लागलं तर त्यालाही हाताने थांबवलं. अख्खा पॅसेज एका माणसाच्या झोपेसाठी कुजबुजत होता.

मला पाहून चाचा उठले. चेहरा फुललेला. ओठावर बोट ठेवून म्हणाले, "झोपलाय, मॅडम. आल्यापासून झोपलाय. आमी कुणाला आत सोडला नाय. आणि आज घोरणं बंद! बिलकूल आवाज नाय. ऑपरेशन एकदम फर्स्ट क्लास केलंत."

मी त्यांना ढकलून आत गेले.

एसी जोरात लावला होता. खांद्यापर्यंत रजई नीट पांघरलेली. पाठीवर सपाट झोपवलेला, उशी काढून टाकलेली, कुणीतरी सांगितलं असणार की ऑपरेशननंतर उशी देत नाहीत. नाकात बोळे. ओठ निळे पडून गेले होते. मी त्याला खाली ओढला, जबडा वर उचलला, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, ॲम्ब्युलन्स बोलवा म्हणून ओरडले. सगळं केलं. पहिल्याच स्पर्शाला मला कळलं होतं की यातलं काहीही उपयोगाचं नाही, आणि तरी दाराशी उभ्या असलेल्या त्या पाच माणसांसमोर मला थांबता येईना.

ॲम्ब्युलन्स आली, पोलिस आले, कंपनीचा माणूस आला. सगळ्यात शेवटी आमचा मॅनेजर आला, इस्त्रीचा शर्ट घालून. मी पॅसेजमध्ये जमिनीवर बसले होते. चाचा येऊन माझ्यासमोर उकिडवे बसले.

"मॅडम, आमच्यातला एक जण आत बसला असता तर? आमी रोज लाथ मारतो. आज नाय मारली. ऑपरेशन झालेला माणूस, बोललो, आज त्याला तरास नको. कुणी आत बसला असता तर वाचला असता का तो?"

मी आयुष्यात कुणा नातेवाइकाशी खोटं बोलले नव्हते. सर्जन लोक गोड बोलून निसटतात तेव्हा मागे उभं राहून मी खरं सांगायचे आणि त्यापायी वाईटपणा घ्यायचे. पण त्या माणसाने नेमकं तेच केलं होतं जे कुणीही मायेचं माणूस करेल. खाटेला लाथ मारणाऱ्यांनी त्या एका दिवशी लाड केले.

"नाही चाचा," मी म्हटलं. "काही उपयोग झाला नसता. कुणीही असतं तरी."

मॅनेजर माझ्या मागेच उभा होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी झटकला. पुढच्या आठवड्यात आपल्या केबिनमध्ये बसून त्याने मला ते वेळ आल्याचं वाक्य ऐकवलं आणि वर म्हणाला, "तुम्हीच तर सांगितलंत ना त्या लोकांना? मी कानांनी ऐकलंय." तेव्हा पेपरवेट माझ्या हातात होता. माणूस मेला त्याचं दुःख वेगळं. पण मी एका म्हाताऱ्याची समजूत घालायला उच्चारलेलं वाक्य या गृहस्थाने खिशात घालून आणलं होतं, आणि आता ते तो क्लिनिकच्या बचावाला वापरणार होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

सर्जनचंही तेच. पेशंट हाय रिस्क होता, असं तो आता सगळ्यांना सांगत सुटला. हाय रिस्क होता हे ऑपरेशनच्या आधी मी सांगत होते तेव्हा तो फायदाच आहे म्हणत होता. जिवंत असताना माणूस ठणठणीत आणि मेल्यावर हाय रिस्क, असा हा हिशेब. म्हणजे दोष कुणाचा? मानेचा, रक्तदाबाचा, साखरेचा. मेलेल्याचाच.

नवरा म्हणाला, जाऊ दे, आपला व्हिसा, मुलीची शाळा, आपण पाहुणे आहोत इथे. तो वाईट माणूस नाही, घाबरलेला होता. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. घरात फक्त मुलीचं इंग्रजी ऐकू यायचं.

चौकशी झाली ती क्लिनिकच्याच वरच्या खोलीत. बाहेरून दोन वरिष्ठ डॉक्टर आले होते, दोघेही अरबी बोलणारे, आमच्याशी इंग्रजीत. टेबलाच्या एका बाजूला सर्जन आणि मॅनेजर, दुसऱ्या बाजूला मी. पेशंटला घरी नेणारा भाऊ म्हणून चाचांनाही बोलावलं होतं. ते दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, पांढरा धुतलेला शर्ट, दोन्ही हात गुडघ्यांवर. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. कोण बोलतं त्याच्या तोंडाकडे ते बघत होते.

सर्जनने आजारांची यादी वाचली. मॅनेजरने सांगितलं की पेशंट चालत गाडीत बसला, नातेवाईक बरोबर होता, सगळं नियमाप्रमाणे. मग माझ्याकडे हात करून तो म्हणाला, आमच्या भूलतज्ज्ञांनी स्वतः त्याच संध्याकाळी नातेवाइकांना सांगितलं की कुणीही असतं तरी काही उपयोग झाला नसता.

दोघांपैकी वयाने मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, तुम्ही असं म्हणालात?

हो, तसं म्हणाले होते, मी उत्तर दिलं.

ते खरं आहे?

मी चाचांकडे पाहिलं नाही. ते इंग्रजीत चाललं होतं हे मला बरं वाटलं, इतकं मी कबूल करते. मी इंग्रजीत सांगितलं: नाही, ते खरं नाही. तो म्हातारा माणूस स्वतःला दोष देत होता म्हणून मी तसं म्हणाले. हा पेशंट जागा होता तोवर सुरक्षित होता. त्याला माझ्या सांगण्याविरुद्ध गुंगीचं औषध दिलं, चिमटा काढला आणि क्लिनिक बंद करायचं म्हणून घरी पाठवलं. कुणीतरी त्याच्या शेजारी बसून त्याला झोपू दिलं नसतं, तर तो आज क्रेनवर असता.

मॅनेजरने सर्जनकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, सुटले.

"मॅडम," दाराजवळून आवाज आला. "काय बोललात? आपल्या भाषेत सांगा."

मी म्हटलं, "चाचा, नंतर सांगते."

"आता सांगा. माज्याकडं न बघता बोललात, म्हणून इचारतो."

मी खुर्ची वळवली. त्यांच्या तोंडाकडे बघून सांगणं भाग होतं. "मी त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले. कुणी आत बसलं असतं, त्याला हलवत राहिलं असतं, तर तो वाचला असता."

त्यांनी मान खाली घालून गुडघ्यांवरच्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं, मी या माणसाला संपवलं. खरं बोलण्याची एवढी चीड मला कधी आली नव्हती. या सगळ्यांनी मिळून गुन्हा केला आणि शिक्षा मी माझ्या तोंडाने या एकाला सुनावली.

मग चाचा उभे राहिले. आवाज चढला नव्हता.

"मंग ह्यांना माजं पण सांगा," ते म्हणाले. "मी इचारलं होतं. तो डोळं मिटायला लागला, तेवा मी सिस्टरला इचारलं, ह्याला झोपू द्यायचा का उठवायचा? आमी रोज उठवतो म्हणून इचारलं. ती ह्या सायबांकडं बघायला लागली." त्यांनी बोट मॅनेजरकडे केलं. "साहेब मराठी बोलतात, म्हणून मी मराठीतच इचारलं. साहेब बोलले, आराम करू द्या त्याला, जितका झोपंल तितका चांगला. यल्ला, यल्ला, चला लवकर, खलास, घेऊन जा."

मॅनेजर टेबलाकडे बघत होता. त्याला भाषांतराची गरज नव्हती. मी त्या दोन डॉक्टरांकडे वळले आणि चाचांचं प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगितलं. शेवटचे 'यल्ला' आणि 'खलास' तेवढे तसेच ठेवले, ते त्यांना कळत होते.